वाचकांचे प्रश्न : यात्रेच्या गावाचं सांडपाणी

मैलापाणी आणि त्याच्या शुद्धीकरणाबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांना या वेळचं सदर दिलं आहे. बरीचशी पत्रं तीर्थक्षेत्रांतून आली आहेत आणि ते साहजिक आहे. जिथे एका दिवसात गावाच्या दुप्पट-तिप्पट माणूस येऊन जातो, तिथे शुद्धीकरण केंद्राची (एसटीपीची) सगळी दुखणी एकदम वर येतात. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

गावाची वस्ती चाळीस हजार. उत्सवाला लाखभर भाविक येतात. वर्षभर एसटीपीचा रिपोर्ट चांगला असतो, पण उत्सवानंतर आठ-दहा दिवस पाणी गढूळ जातं आणि अमोनिया वाढलेला येतो. ठेकेदार म्हणतो, क्षमता कमी पडते, नवी टाकी बांधा. खरंच तसं आहे का?
*— नगरपरिषद सदस्य, सोलापूर जिल्ह्यातील एक तीर्थक्षेत्र*

क्षमता कमी असेलही. पण निविदा काढण्याआधी कागदावर हिशेब मांडा. माणशी 135 लिटर पाणी दिलं, तर त्यातलं सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, गटारात येतं. चाळीस हजारांचं झालं 43 लाख लिटर. माणशी 27 ग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचं माप) धरला तर रोजचा भार 1,080 किलो. आता भाविकाकडे वळू. तो काही तास थांबतो, आंघोळ करतो किंवा नुसते हातपाय धुतो, एक-दोनदा शौचालयात जातो. त्याच्या वाट्याचं पाणी 25 लिटर धरू. लाख माणसांचं 25 लाख लिटर, म्हणजे पाणी झालं दीडपटीच्या थोडं वर. पण प्रत्येकाने दिवसभराच्या निम्मी घाण गावात ठेवली असं धरलं तरी बीओडी 1,350 किलोने वाढला. एकूण भार सव्वादोन पट. पाणी थोडं वाढलं, घाण खूप वाढली, आणि हे सगळं पहाटे चार ते दुपारी दोनच्या दरम्यान.

यातही महत्त्वाची गोष्ट लघवीची आहे. मैलापाण्यातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त नत्र लघवीतून येतं. यात्रेत मुताऱ्यांचा वापर भरपूर आणि त्यात मिसळणारं आंघोळीचं, कपड्यांचं पाणी कमी. म्हणून बीओडीपेक्षा अमोनियाचा धक्का मोठा बसतो.

टाकीतले बीओडी खाणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मात्र मंद वाढतात; दुप्पट व्हायला त्यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. शिवाय एक किलो अमोनियाच्या नत्रासाठी त्यांना सुमारे 4.6 किलो ऑक्सिजन आणि 7.1 किलो क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) लागते. हवा अपुरी पडली की बीओडी खाणारे आधी आपलं पोट भरतात आणि हे उपाशी राहतात. वाढलेल्या प्रवाहाबरोबर या जिवाणूंचाच बनलेला गाळ वाहून गेला तर उरलेसुरलेही जातात. त्यांची संख्या पुन्हा भरून यायला लागणारे दिवस म्हणजेच तुमचे ते आठ-दहा दिवस. यात्रेच्या दिवशी काहीही केलं तरी हे जिवाणू वाढवता येत नाहीत. ते आधी वाढवून ठेवावे लागतात.

त्यासाठी दोन आठवडे आधी कामाला लागा. तुमची एरेशन टाकी, म्हणजे जिवाणूंना हवा देण्याची टाकी, 3,000 घनमीटरची आहे आणि एमएलएसएस (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ आहे तो आकडा) 3,000 आहे असं समजा. तो 4,000 वर न्यायचा तर टाकीत 3,000 किलो गाळ जास्त साठवावा लागेल. 1,080 किलो बीओडीवर रोज साधारण 650 किलो नवा गाळ तयार होतो. एरवी तेवढाच रोज काढून टाकता; तो निम्माच काढलात तर नऊ-दहा दिवसांत 3,000 किलो जमतो. गाळ काढणं एकदम बंद करून पाच दिवसांत उरकण्याचा मोह होतो, पण मग गाळ बसतो कसा हे तपासायला वेळ उरत नाही. 4,500 च्या पुढे जाऊ नका. साका बसवण्याची टाकी तेवढा गाळ पेलणार नाही आणि ऐन यात्रेत तो काठावरून सांडेल.

या दोन आठवड्यांत राखीव ब्लोअर (टाकीत हवा फुंकणारं यंत्र) प्रत्यक्ष आठ तास चालवून बघा. नुसतं बटण दाबून 'चालू आहे' असा शेरा मारलेला ब्लोअर यात्रेच्या दुपारी पट्टा तोडतो. टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर तपासायला उपकरण लागत नाही. टाकीच्या काठावर उभं राहून पृष्ठभाग बघा. सगळीकडे बारीक, दुधाळ बुडबुडे हवेत. एखाद्या जागी पाणी उकळल्यासारखं उसळत असेल तर तिथला पडदा फाटला आहे आणि हवा तिथूनच निसटते आहे. एखादा कोपरा शांत असेल तर तिथले डिफ्युझर चोंदले आहेत.

यात्रेच्या पाण्यात पत्रावळी, हार आणि नारळाच्या शेंड्या येतात. शेंडी पंपाच्या पंख्याला दोरीसारखी गुंडाळते आणि पंप ओढेनासा होतो. जाळीवर दर तासाला माणूस हवा, तीन पाळ्यांत, आणि त्याच्या हातात लांब दाताळं हवं. समतोल टाकी असेल तर आदल्या रात्री ती तळाला आणून ठेवा, म्हणजे पहाटेचा लोंढा तिच्यात मावेल आणि रात्री सावकाश सोडता येईल. फिरत्या शौचालयांच्या गाड्या दुपारी इनलेटला रिकाम्या करू देऊ नका. तो मैला गटारातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतो. वेगळ्या टाकीत घेऊन रात्री अकरा ते पहाटे तीनच्या दरम्यान थोडा थोडा सोडा.

टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन दर दोन तासांनी मोजून वहीत लिहा. तो लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहिला तर यात्रा निभावली. सगळे ब्लोअर चालवूनही तो एकच्या खालीच राहत असेल, तर हवा कमी पडते आहे आणि टाकीऐवजी आणखी एक ब्लोअर हवा. त्याचा खर्च नव्या टाकीपेक्षा खूपच कमी असतो. ऑक्सिजन पुरेसा आहे पण साका टाकीतून गाळ सांडतो आहे, असं दिसलं तर मात्र ठेकेदाराचं म्हणणं बरोबर.

आमच्या लॉजखाली भोजनालय आहे. महिन्यातून दोनदा चेंबर तुंबतो. माणूस बोलावून काढून घेतो, पुन्हा तेच. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडाही ओतून झाला.
*— लॉजचालक, पंढरपूर*

कॉस्टिक आजपासून बंद करा. त्याने तेल साबणासारखं पातळ होतं, तुमच्या चेंबरमधून पुढे सरकतं आणि थंड झाल्यावर रस्त्यातल्या मुख्य वाहिनीत थिजतं. तुमचा त्रास गल्लीच्या माथी जातो एवढंच. गरम पाण्याचंही तसंच.

तुम्हाला तेल अडवणारी टाकी हवी. माप असं काढा. दिवसाला 600 ताटं आणि धुण्यासह ताटामागे 15 लिटर पाणी धरलं तर 9,000 लिटर. त्यातलं निम्मं दुपारच्या दोन तासांत येतं, म्हणजे मिनिटाला सुमारे 37 लिटर. तेल वर यायला अर्धा तास शांत पाणी लागतं. 37 गुणिले 30 म्हणजे अकराशे लिटर. दीड मीटर लांब, 80 सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, एवढी टाकी पुरते. मध्ये भिंत घाला: पहिला कप्पा दोन भाग, दुसरा एक भाग. भिंतीला वरून नव्हे, खालच्या बाजूने वाट ठेवा. येणारा आणि जाणारा, दोन्ही पाइप 'टी' लावून पाण्यात बुडवा. बाहेर जाणाऱ्याचं तोंड तळापासून 25 सेंटिमीटरवर. बांधकामात चूक होते ती इथेच. गवंडी बाहेरचा पाइप पाण्याच्या पातळीवर सरळ बसवतो आणि वर तरंगणारं तेल पहिल्यांदा तोच घेऊन जातो.

शौचालयाची किंवा आंघोळीची लाइन या टाकीत सोडू नका. टाकीच्या आधी भोकाची स्टीलची टोपली ठेवा, कारण भाताची शितं तळाशी बसून आंबतात. ताट नळाखाली धरण्याआधी रबरी पट्टीने निपटून उष्टं बादलीत काढलं, तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून 25 सेंटिमीटर झाले की टाकी साफ करायची. एकादशीच्या आठवड्यात हे चार दिवसांतही होईल. निघालेलं तेलकट घट्ट पिवळं लोणी गटारात टाकायचं नाही, झाकणाच्या डब्यात भरून द्यायचं. तळणीचं उरलेलं तेल वेगळं ठेवा. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना 2019 पासून त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक आहे, आणि ते विकलंही जातं.

एसटीपीवर मी ऑपरेटर आहे. गाळ बसत नाही, वर तपकिरी फेस जमतो. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागतात. तोपर्यंत मी काय करू?
*— वाचक, बार्शी*

आठ दिवसांचा रिपोर्ट फाइलसाठी असतो. केंद्र चालवायला तुमच्याजवळचा एक लिटरचा काचेचा सिलिंडर पुरतो, फक्त तो नीट बघायला हवा.

एरेशन टाकीच्या टोकाकडून, ब्लोअर चालू असताना, बादलीभर पाणी घ्या. लगेच हलक्या हाताने ढवळून सिलिंडर 1,000 च्या खुणेपर्यंत भरा. सपाट जागी, सावलीत ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काच एका बाजूने तापते आणि गाळ त्या बाजूने वर चढतो, मग वाचन चुकतं. पहिली पाच मिनिटं तिथून हलू नका. चांगला गाळ दोन-तीन मिनिटांत फुटलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो, मग गुठळ्या एकमेकींना बिलगून एकत्र खाली सरकतात आणि वर स्वच्छ पाण्याची रेघ दिसते. तिसाव्या मिनिटाला गाळ कितव्या खुणेवर आहे ते लिहा. त्याला एमएलएसएसने भागून हजाराने गुणा. 300 मिलिलिटर आणि एमएलएसएस 3,000 असेल तर उत्तर 100, म्हणजे तब्येत ठणठणीत. 150 च्या वर गेलं तर सावध व्हा, 200 म्हणजे गाळ फुगला आहे.

आता समजा तिसाव्या मिनिटालाही गाळ 900 वर आहे. याची दोन कारणं असू शकतात आणि दोघांचे उपाय उलटे आहेत, म्हणून अंदाजाने काही करू नका. दुसरा सिलिंडर घ्या. अर्धा टाकीतलं पाणी, अर्धं शुद्ध होऊन बाहेर जाणारं पाणी. पुन्हा तीस मिनिटं. आता गाळ 300-350 वर आला तर त्याच्यात दोष नाही. तो टाकीत जास्त झाला आहे. काढणं वाढवा, पण रोज दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. निम्मा करूनही तो 700 वर अडून राहिला, तर धाग्यासारखे जिवाणू माजले आहेत. त्यांचे धागे गुठळ्यांना एकमेकींपासून दूर धरून ठेवतात. हे धागे कमी ऑक्सिजन, तेल, शिळं सडकं पाणी किंवा नत्र-स्फुरदाची कमतरता यांवर पोसले जातात. नुसत्या घरगुती मैलापाण्यात नत्र कमी पडत नाही, त्यामुळे आधी ऑक्सिजन आणि तेल बघा.

तुमचा तपकिरी, चिकट, साईसारखा फेस तेलाकडेच बोट दाखवतो. तो पाण्याचा फवारा मारून खाली दाबू नका; त्याने ते जिवाणू पुन्हा टाकीत पेरले जातात. फावड्याने ओढून बाहेर काढा आणि गाळाच्या वाफ्यावर टाका. (पांढरा, साबणासारखा, वाऱ्याने उडणारा फेस वेगळा. तो नव्याने चालू केलेल्या टाकीत किंवा गाळ फार काढला गेला की येतो आणि गाळ वाढला की आपोआप जातो.) फारच हाताबाहेर गेलं तर परतीच्या गाळाच्या लाइनमध्ये क्लोरीन देता येतो: टाकीतल्या दर हजार किलो गाळामागे दिवसाला 2 ते 3 किलो. शुद्ध पाणी दुधाळ दिसू लागलं की त्याच क्षणी थांबवा. चांगले जिवाणूही मरू लागल्याची ती खूण आहे.

सिलिंडर लगेच धुऊ नका, आणखी तासभर राहू द्या. बसलेला गाळ ढेकळासारखा, बुडबुडे घेऊन वर आला तर साका टाकीतही तेच होतं आहे. तळाशी ऑक्सिजन संपला की नायट्रेटमधून नत्रवायू सुटतो आणि गाळाला उचलतो. परतीचा पंप थोडा वाढवा, म्हणजे गाळ तळाशी जास्त वेळ राहणार नाही.

आमची वस्ती शुद्धीकरण केंद्राजवळ आहे. सडक्या अंड्यासारखा वास येतो. केंद्र नीट चालत नाही असं समजायचं का?
*— वाचक, सोलापूर*

चांगल्या एरेशन टाकीला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असतो. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मैलापाणी हवेशिवाय काही तास थांबलं की तो तयार होतो, म्हणून उगम बहुतेक वेळा केंद्रात नसून त्याच्या आधी असतो: पंपिंगच्या विहिरीत, किंवा पाणी साठून राहणाऱ्या लांब दाबवाहिनीत. वास पहाटे आणि सकाळी जास्त येत असेल तर रात्री प्रवाह कमी असताना पाणी विहिरीत फार वेळ थांबतं आहे. पंप सुरू होण्याची पातळी खाली आणली की ते थोडं थोडं पण वारंवार उपसलं जातं आणि वास कमी होतो. वास दिवसभर सारखाच असेल तर ओल्या गाळाचे वाफे बघायला सांगा. तक्रार करताना वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून द्या. अधिकाऱ्याला त्यावरून जागा सापडते. हा वायू काँक्रीटही खातो: पाइपच्या वरच्या भागात त्याचं गंधकाम्ल होतं आणि छत झिजून रस्ता खचतो.

रात्री एसटीपीला कधी निळं, कधी लाल पाणी येतं. बाहेरही रंगीतच जातं. जिवाणू रंग का खात नाहीत?
*— वाचक, सोलापूर*

चादरी-टॉवेलच्या गावात हा प्रश्न यायचाच. सुती धाग्याला वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग धाग्याला 60 ते 80 टक्के धरतात. बाकीचे पाण्यात राहतात. ते धुतल्यावर आणि उन्हात टिकावेत म्हणूनच बनवलेले असतात. आठ-दहा तासांच्या एरेशनमध्ये जिवाणूंना ते तोडता येत नाहीत. थोडा रंग गाळाला चिकटून जातो, तेवढाच.

पण रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्याकडेच बघतो. त्याच्याबरोबर येणारं मीठ दिसत नाही. रंगाच्या बाथमध्ये लिटरला 40 ते 80 ग्रॅम मीठ असतं. हजार लिटरच्या एका बाथमधून 60 किलो मीठ गटारात येतं आणि शुद्धीकरण केंद्र त्यातलं किलोभरही काढत नाही. ते जसंच्या तसं खालच्या शेतात जातं. सोड्यामुळे सामू 10-11 असतो. असा एखादा लोंढा पूर्ण न मिसळता टाकीत आला तर गाळ विस्कटतो आणि वरचं पाणी धुरकट होतं.

पकडायचं कसं? इनलेटला पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा कंडक्टिव्हिटी मीटर लावा आणि दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. घरगुती पाण्याचा आकडा फारसा हलत नाही. रात्री ठराविक वेळेला तो अचानक उडी मारत असेल तर रंगाचं पाणी येतं आहे. मग उलट दिशेने चेंबर उघडत, सामूच्या कागदी पट्ट्या बुडवत जा. कोणत्या फाट्यावर पट्टी निळी-जांभळी होते ते कळतं. रंगारी लहान असतो, एकट्याला यंत्रणा परवडत नाही, हे खरं आहे. म्हणून चार-सहा जणांनी मिळून चुना आणि फेरस सल्फेटची सामाईक टाकी करावी. तिने रंग बराच उतरतो, मीठ मात्र उतरत नाही. त्यासाठी मीठ कमी लागणारे रंग आणि बाथचं पाणी पुन्हा वापरणं हाच मार्ग. निघणारा गाळ घातक कचरा आहे, तो घंटागाडीत जाता कामा नये.

आमच्याकडे क्लोरीन व्यवस्थित देतात, तरी कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) जास्त येतात.
*— आरोग्य निरीक्षक, एक नगरपरिषद*

तीन गोष्टी तपासा. पहिली, पावडर. दहा लाख लिटरला लिटरमागे 5 मिलिग्रॅम द्यायचे तर 5 किलो क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये तो 33 टक्के असतो, म्हणजे 15 किलो पावडर. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या पोत्याची ताकद झपाट्याने उतरते. निम्मी झाली असेल तर 15 किलोत निम्माच क्लोरीन जातो आणि वहीत मात्र पूर्ण मात्रा लिहिलेली असते.

दुसरी, वेळ. क्लोरीनला 30 मिनिटं हवीत. दिवसाच्या दहा लाख लिटरला सरासरी धरली तर 21 घनमीटरची टाकी पुरते, पण सकाळी प्रवाह दुप्पट असतो तेव्हा 42 लागते. आडव्या भिंती नसतील तर पाणी सरळ रेषेत पाच मिनिटांत निघून जातं.

तिसरी अमोनिया. क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन होतो. चाचणीत 'एकूण क्लोरीन' दिसतो, पण मारण्याची ताकद बरीच कमी झालेली असते. यात्रेनंतर कोलिफॉर्म का वाढतात, याचं उत्तर पहिल्या प्रश्नातल्या जिवाणूंपाशीच आहे. मर्यादेचं सांगायचं तर 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत 100 मिलिलिटरमध्ये 1,000 पेक्षा कमी असा आकडा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये तो 230 पर्यंत आणायला सांगितला, आणि बीओडी लिटरला 10 मिलिग्रॅमवर.

प्रक्रिया केलेलं पाणी उसाला दिलं तर चालेल का? भाजीला?
*— शेतकरी, मोहोळ तालुका*

उसाला, कडवळाला, झाडांना चालेल. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी यांना नको. जे कच्चं खातो आणि जमिनीला टेकतं त्याला हे पाणी लावू नये. उसालाही तोडणीआधी दोन-तीन आठवडे बंद करा आणि वाफ्यात अनवाणी उतरू नका.

या पाण्यात खत असतं, ते हिशेबात धरा. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असेल आणि हेक्टरी वर्षाला 50 लाख लिटर दिलं तर 100 किलो नत्र आपोआप मिळतं. म्हणजे 45 किलोच्या जवळपास पाच गोणी युरिया. तेवढा शिफारशीतून वजा करा. नाहीतर ऊस नुसता पालेदार होतो, लोळतो आणि उतारा घसरतो.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, निचरा करत नाही, म्हणून क्षारांची भीती जास्त. वर्षातून एकदा पाण्याची विद्युतवाहकता आणि सोडियमचं प्रमाण तपासा. वाहकता (डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) 0.7 च्या आत असेल तर निर्धास्त, 3 च्या वर गेली तर घेऊ नका. मधल्या आकड्यांना चर काढून निचरा करा. ठिबकला वापरायचं तर वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर चकतीचा, असे दोन्ही लावा. नुसत्या जाळीच्या फिल्टरने ड्रीपर महिन्याभरात शेवाळून बंद होतात.

शुद्ध पाणी सोडूनही तलावात जलपर्णी का वाढते?
*— विद्यार्थिनी, सोलापूर*

कारण 'शुद्ध' म्हणजे बीओडी कमी. नत्र आणि स्फुरद पाण्यात उरलेले असू शकतात, आणि जलपर्णीला तेच हवे असतात. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी हिरवं होतं त्यामागेही हेच. नत्र घालवायला टाकीत आळीपाळीने हवा बंद-चालू ठेवावी लागते, स्फुरद घालवायला तुरटी द्यावी लागते: व्यवहारात एक मिलिग्रॅम स्फुरदाला 15 ते 20 मिलिग्रॅम. नुसती जलपर्णी काढून काठावर टाकली तर ती कुजून सगळं खत पुन्हा पाण्यात उतरतं.

आम्ही हद्दवाढ भागात राहतो, ड्रेनेज नाही. सेप्टिक टँक सात वर्षांत एकदाही उपसलेला नाही, काही त्रासही नाही. बाजारात बॅक्टेरियाची पावडर मिळते, ती टाकली तर उपसावं लागणार नाही असं सांगतात.
*— गृहिणी, सोलापूर*

ताई, त्रास दिसत नाही याचा अर्थ मैला टाकीत न थांबता सरळ शोषखड्ड्यात जातो आहे. टाकी भरली तरी पाणी पुढे जातच राहतं, म्हणून कळत नाही. एक दिवस शोषखड्डा बुजतो, आणि काळ्या मातीत किंवा मुरुमात दुसरा खड्डा खणण्याचा खर्च उपशापेक्षा बराच जास्त येतो. पावडरीने काही साधत नाही. लागणारे जिवाणू आपल्या मैल्यातूनच रोज येतात, आणि वाळू, केस, न कुजणारा गाळ कोणतेच जिवाणू खात नाहीत.

उपसायची वेळ झाली का हे पाहण्याची साधी रीत: लांब काठीला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळून दोरीने बांधा. तपासणीचं झाकण उघडून दहा मिनिटं बाजूला व्हा. मग उभ्याउभ्या, तोंड भोकावर न नेता, काठी सरळ तळाला टेकवा. दोन-तीन मिनिटांनी सावकाश वर काढा. टॉवेलवर जिथपर्यंत काळा दाट डाग आहे तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीचा एक-तृतीयांश झाला असेल तर सक्शन गाडी बोलवा. घरगुती टाकीला ही वेळ दोन-तीन वर्षांत येते. वाई आणि सिन्नरमध्ये नगरपरिषदेनेच वेळापत्रक लावून घरोघरी टाक्या उपसण्याची पद्धत बसवली आहे. लोकांच्या आठवणीवर न सोडता ठरलेल्या वर्षी गाडी दारात येते, हेच योग्य आहे. गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार हे विचारा. 'नाल्यात' असं उत्तर आलं तर त्याला काम देऊ नका.

टाकीत माणूस उतरवू नका, पाच मिनिटांसाठी नाही आणि कुणी स्वतःहून तयार झाला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की आधी नाकच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. काडी पेटवून बघणंही नको, आत मिथेन असतो. माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. उपशाची गाडी मागवायला 14420 हा मदत क्रमांक आहे. गाडी येईल त्या दिवशी मुलांना अंगणात सोडू नका, आणि नळी निघाल्यावर झाकण सिमेंटने पुन्हा घट्ट बसवून घेतल्याशिवाय गाडीवाल्याला जाऊ देऊ नका.